आमच्या घरची कुशी सून

आम्ही निघालो तेव्हा भर दुपार होती आणि नाशिक रोड स्टेशनाची फरशी तव्यासारखी तापली होती. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मी नुकतीच नर्सिंग पूर्ण केलेली, धाकटा भाऊ एली विजेचं काम शिकलेला. दोघं इस्रायलला चाललो होतो, कायमचे. आई-बाबा मागे राहणार होते.

शेजारच्या जाधवकाकू पोचवायला आल्या होत्या. मूळच्या विंचूरच्या. त्यांनी काळ्या मसाल्याची बरणी फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवली. "तिकडं मसाला मिळायचा नाय. आन् मिळाला तरी आपल्यावानी नसंल. लय लांब चाललीस गं पोरी." त्या रडत होत्या. बाबा, जन्मभर मराठी शिकवलेले मास्तर, गाडी येईपर्यंत आम्हाला बजावत होते की पत्र मराठीतच लिहायचं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून टाकायचं. गाडी हलली तेव्हा आई खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालली आणि म्हणाली, "मान खाली घालून राहा. कुणाच्या डोळ्यावर येऊ नका."

त्या वेळी मला वाटलं, सगळ्याच आया असं काहीतरी सांगतात. तिने ते कुठून आणलं होतं, हे कळायला मला पुढची किती तरी वर्षं लागली.

तुमच्यापैकी जे आमच्या समाजाचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. नाशिक रोडला आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. सणावारी आम्ही ठाण्याला जायचो. तिथल्या प्रार्थनामंदिराला घरातली म्हातारी माणसं जुन्या सवयीने मशीदच म्हणायची.

आणि आमच्यातही गोरे आणि काळे होते. ज्यांच्या घराण्यात कधी काळी बाहेरची बाई नांदायला आली, ते काळे इस्रायल. बाकीचे गोरे. कातडीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. माझे 'गोरे' आजोबा चुलीवरच्या तव्याइतके काळे होते आणि 'काळ्या' घरातली माझी आई त्यांच्याहून चांगली उजळ. पूर्वी दोघांत सोयरीक होत नसे. प्रार्थनेला बसायची जागासुद्धा निराळी. माझ्या लहानपणापर्यंत हे सगळं संपलं होतं. जिभेवर तेवढं उरलं होतं.

बाबा गोऱ्या घरातले. त्यांनी आईशी लग्न केलं तेव्हा त्यांची थोरली बहीण, आमची मोठी आत्या, लग्नाला आली पण जेवली नाही. एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक होतं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना ठाण्याला कुणाचं तरी लग्न होतं. सकाळच्या प्रार्थनेत सेफेर, म्हणजे हाताने लिहिलेली तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी, सगळ्यांमधून फिरवतात. माणसं तिला बोटं लावून ओठांना लावतात. गुंडाळी बायकांच्या बाजूने आली तेव्हा आईने हात पुढे केला. आत्या शेजारीच उभी होती. ती हळू आवाजात, पण आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नोहाने आपल्या लेकाला, हामला, शाप दिला तेव्हापासूनची ही काळी माणसं. शापाच्या हाताने सेफेरला शिवायचं नसतं."

आईने हात मागे घेतला. पदराला पुसला आणि घडी घालून ठेवावा तसा दुसऱ्या हाताखाली ठेवून दिला. तिने कुणाकडे पाहिलं नाही. परतीच्या गाडीत ती भेळ खायला घेऊ या म्हणाली, आम्ही घेतली.

बाबा बोलले ते थेट पावसाळा सरल्यावर, आणि त्यांच्या पद्धतीने. आमच्या समाजात कीर्तनाची जुनी चाल आहे. टाळ, पेटी, ओव्या, सगळं तुमच्यासारखंच, कथा मात्र आमच्या धर्मग्रंथातल्या मोशेची, योसेफाची, दाविदाची. बाबा हौशी कीर्तनकार. त्यांनी कॉलनीच्या हॉलमध्ये कीर्तन ठेवलं, ठाण्याच्या नातेवाइकांना आग्रहाने बोलावलं. आत्या पुढच्या रांगेत खुर्चीवर. मागे सतरंजीवर आमचे शेजारी, त्यांत जाधवकाकू आणि त्यांचे दीर, ज्यांची पिंपळगावला द्राक्षबाग होती.

बाबांनी विषय घेतला नोहाचा. जलप्रलय त्यांनी असा रंगवला की पुढची पोरं पाय वर घेऊन बसली. मग म्हणाले, "पाणी ओसरलं. नोहाने काय केलं? द्राक्षबाग लावली! जगातला पहिला द्राक्षबागाईतदार. म्हणजे आपल्या पिंपळगावचाच म्हणा ना." मागची सतरंजी खो खो हसली. "बाग आली. नोहाने द्राक्षारस केला, प्याला आणि तंबूत उघडाच पडला. धाकट्या हामने ते पाहिलं. शुद्धीवर आल्यावर बापाच्या तोंडून शाप निघाला."

इथे त्यांनी पेटी थांबवली.

"आता नीट ऐका. शाप कोणी दिला? देवाने? नाही. नुकत्याच उतरलेल्या नशेत एका बापाने. कोणाला दिला? हामला? तिथेही नाही. हामच्या मुलाला, कनानला, जो त्या तंबूत नव्हताच. हामला आणखी तीन मुलं होती. कूश, मिसर, पूट. काळ्या माणसांचा मूळपुरुष म्हणतात तो कूश. त्याच्या नावाने शापाचा एक शब्द दाखवा, मी कीर्तन सोडून देतो. आणि रंग? त्या अख्ख्या कथेत रंगाचा उल्लेख नाही. पण त्याच्या आधी काय घडलंय? नोहा तारवातून उतरला तेव्हा देवाने त्याला आणि त्याच्या तिन्ही मुलांना आशीर्वाद दिलाय. तिन्ही! हाम त्यात आहे. देवाचा आशीर्वाद अंगावर घेतलेल्या माणसाला बापाचा शाप कुठे चिकटणार? शाप नोहाच्या तोंडचा. आशीर्वाद देवाच्या तोंडचा. आपण कुणाचं ऐकायचं, ते आपलं आपण ठरवायचं."

नाव न घेता एवढं बोलून त्यांनी झांजा वाजवायला सांगितल्या. आत्या आरतीपर्यंत बसली. निघताना आईला म्हणाली, "चहा छान झाला होता." त्यांच्यात त्याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की मी आईकडे बघायचीच राहिले. ती हॉलमागच्या स्वयंपाकघरात कप विसळत होती.

तर आम्ही दोघं बेर्शेबाला उतरलो. वाळवंटाच्या कडेचं शहर, सपाट छपरांची घरं, वाऱ्याबरोबर दारंखिडक्यांतून आत येणारी बारीक पिवळी धूळ. उल्पान म्हणजे हिब्रू शिकवायचा वर्ग, तिथे रशियाहून आलेले डॉक्टर आणि मी एका बाकावर. नाशिकला आम्हाला लोक 'तुम्ही नक्की कोण?' असं कुतूहलाने विचारायचे. इथे तोच प्रश्न आमची माणसं विचारू लागली. इतकी सावळी, साडी नेसणारी, ही खरंच ज्यू आहेत? आईच्या सांगण्याप्रमाणे मी मान खाली घालून राहिले. वृद्धांच्या रुग्णालयात नोकरी धरली. मसाल्याची बरणी संपली तेव्हा रिकामी उघडून वास घेत बसले. तुम्हा मागे राहिलेल्यांना पत्रात मी हवामान कळवत होते, आणि बाबा उत्तरात माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून धाडत होते.

काही वर्षांनी आमच्या वॉर्डात तिगिस्त शिकाऊ नर्स म्हणून आली. इथिओपियातली ज्यू. लहान असताना आई-वडिलांबरोबर डोंगर, वाळवंट तुडवत सुदानपर्यंत पायी चाललेली. वाटेत तिचा धाकटा भाऊ गेला, आणि चालत्या माणसांनी त्याला रस्त्याकडेलाच पुरलं. हे तिने मला एकदाच, पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सांगितलं. पण तिची मान खाली नव्हती. एकदा एका आजोबांनी तिच्या हातून इंजेक्शन घ्यायला नकार दिला, काळा हात नको म्हणाले. मी कपाटाआड थिजून उभी. तिगिस्त माझ्याकडे बोट दाखवत हसून म्हणाली, "बरं आजोबा, मग दीना देईल. तीही काळीच आहे, पण तिची सुई कमी दुखते." आजोबाच हसले आणि दंड तिच्यापुढेच केला. त्या दिवशी मला काय वाटलं ते धड सांगता येणार नाही. एवढंच की मी तिला घरी जेवायला बोलावलं. आमच्या घरचा पंखा दुरुस्त करायला एली तेव्हा स्टुलावर चढलेला होता, आणि तो पंखा त्याने पुढे महिनाभर दुरुस्त केला.

लग्नाचं ठरलं तेव्हा एलीने नाशिकला फोन लावला. बाबा आनंदाने ओरडले. मग फोन आईकडे गेला आणि ती म्हणाली, "नको."

आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ज्या बाईला काळी म्हणून आयुष्यभर बाजूला ठेवलं, ती हे बोलेल? मी फोन घेतला आणि जरा चढ्या आवाजात तेच म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "ती काळी आहे म्हणून नको म्हणत नाही मी. तिच्या पोरांना लोक काळी म्हणतील म्हणून नको. तुला ते ठाऊक नाही, दीना. मला आहे."

एली हटेना, आई बधेना. वर्ष गेलं. शेवटी बाबांनी तिकिटं काढली. मुलीला न बघता नकार द्यायचा नाही, एवढ्यावर त्यांनी आईला राजी केलं. बाबा विमानतळावर उतरले ते बातमी घेऊनच. "अगं, विंचूरला वाइन पार्क व्हायचंय म्हणतात. नोहाला कळवायला हवं." आई ट्रॉलीला धरून उभी होती, हसली नाही.

दुसऱ्या शनिवारी, सूर्यास्ताला शबाथचा विसावा संपल्यावर, आम्ही तिगिस्तच्या आजीकडे गेलो. तिच्या घरात मोठी माणसं आजीच्या शब्दाबाहेर नव्हती, त्यामुळे जे काय व्हायचं ते तिथेच. पांढऱ्या सुती वस्त्रातली, कपाळावर निळसर गोंदण असलेली म्हातारी. तिने आमच्यासमोर कॉफीचे हिरवे दाणे कढईत भाजायला घेतले, आणि धूर आमच्याकडे हाताने वळवला. तशीच रीत आहे त्यांची. आंबट इंजेरा वाढला, आपल्या आंबोळीची मोठी बहीण. आईने तुकडा तोडला आणि, मी पाहिलं, नकळत दुसरा तोडला.

बाबांनी घसा खाकरला. कीर्तनाचा सूर लागणार हे आम्ही ओळखलं. तेवढ्यात आई म्हणाली, "तुम्ही थांबा." मग सरळ म्हातारीकडे बघून बोलली. तिचं मराठी एलीने हिब्रूत केलं, तिगिस्तने ते अम्हारिकमध्ये आजीला सांगितलं.

"तुमची मुलगी गुणाची आहे. पण यांची मुलं होतील, त्यांना लोक नावं ठेवतील. तुमच्या बाजूनेही आणि आमच्या बाजूनेही. त्याचं काय करायचं?"

म्हातारीने दाणे हलवायचे थांबवले नाहीत. तिचं उत्तर त्याच वाटेने उलटं आलं. "लोक बोलतातच. मोशेची बायको आमच्याकडची होती, कूशची. तिच्यावरून कोण बोललं? परकं कुणी नाही, मोशेची सख्खी बहीण मिर्याम. आणि देव कुणावर रागावला? मिर्यामवर. तिला काय केलं? कोड आणून बर्फासारखं पांढरं केलं. गोरेपण हवं होतं ना तिला, घे म्हणावं." तिगिस्त हे सांगताना लाजली, पण म्हातारी मिस्कील हसत होती. बाबांनी मांडीवर थाप मारली. कुणा कीर्तनकाराला दुसऱ्या कीर्तनकाराची ओवी आवडावी तशी.

म्हातारीचं झालं नव्हतं. तिने दाणे कुटले, कॉफी उकळली, आईच्या पेल्यात ओतली आणि म्हणाली, "पण मला लहानपणापासून एक वाटतं. मिर्याम काय बोलली ते लिहिलंय. देव काय बोलला ते लिहिलंय. मोशेने बहिणीसाठी विनवणी केली तीही लिहिलीय. त्या बायकोने काय म्हटलं, ते कुणीच लिहिलं नाही. तुझी गोष्ट या मुलाने मला सांगितलीय. तू सांग. तुला बोलले तेव्हा तू काय म्हणालीस?"

एलीने हे मराठीत आणलं.

"काही नाही," आई म्हणाली. "मी गप्प बसले."

आणि मग ती बोलली. लग्नाच्या दिवशी तिचं ताट निराळं मांडलं होतं ते. सासरच्या पहिल्या सणाला तिने केलेला गोडाचा शिरा आत्याने मोलकरणीला देऊन टाकला ते. मी जन्मले तेव्हा माझ्या कानामागचा रंग बघायला बायका आल्या होत्या ते. कीर्तन झालं त्या दिवशी लोक बाबांना येऊन शाबासकी देत होते आणि तिला एकीनेही विचारलं नाही की तुला काय वाटतं, तेही. बाबा खाली बघत होते. एलीचा आवाज मध्येच फुटला तेव्हा मी हिब्रूत सांगायला घेतलं. म्हातारी दर वाक्याला छातीतून एक हुंकार देत होती, आणि तो हुंकार तर भाषांतराच्या आधीच येत होता.

बोलून झाल्यावर आईने कॉफी संपवली. थंड झाली असणार. तिने तिगिस्तला खुणेने जवळ बोलावलं, दोन्ही तळव्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. म्हातारीने विचारलं, हे काय? एली रडत रडत म्हणाला, "दृष्ट काढली. म्हणजे हो."

लग्नाच्या आदल्या दिवशी मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून, आमच्या रीतीप्रमाणे. तिगिस्तच्या मावश्यांनी जीभ भराभर हलवत असा आनंदाचा चीत्कार काढला की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. बाबांनी एलीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, ज्यू बाप दर शुक्रवारी मुलाला देतो तोच: देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखं करो. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "ही दोघं योसेफाची मुलं. त्यांची आई कोण? मिसराची, म्हणजे इजिप्तची बाई. आणि मिसर कुणाचा मुलगा? हामचा! जगभरचे आपले लोक इतकी शतकं हामच्या लेकीच्या पोरांची नावं घेऊन आपल्या पोरांना आशीर्वाद देतायत, आणि शाप शोधत बसलेत." एवढं म्हणून ते थबकले, आईकडे वळले आणि म्हणाले, "तू बोल काहीतरी." आई म्हणाली, "जेवायला बसा, गार होतंय." सगळे हसले, पण त्यांनी विचारलं याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसला.

बाबा काही वर्षांनी गेले, नाशिकलाच. आम्ही आईला खूप विनवलं, ये आमच्याकडे. तिने नाशिक रोडचं जुनं घर सोडून इंदिरानगरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि सांगितलं, "मी येईन-जाईन. पण राहीन इथे. माझी भाजीवाली इथे आहे." मला ते हट्टी वाटलं होतं. आता वाटत नाही. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही सोडून गेलो. आम्ही जे गेलो, आम्हाला वाटतं तुम्ही आम्हाला धरून ठेवलं नाही. बेर्शेबात माझं पेन्शन आहे, मुलं आहेत, मी स्वप्नात हिशोब हिब्रूत करते. पण ठेच लागली की तोंडातून 'आई गं' निघतं. कुठल्या एका पत्त्याला घर म्हणावं, हे ठरवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

मागे एका हिवाळ्यात मी एलीच्या मुलीला, योदितला, घेऊन नाशिकला आले. सात वर्षांची, तिगिस्तसारखी काळी, तुकतुकीत, डोक्यावर केसांचं दाट कुरळं टोपलं. आई रोज सकाळी खोबरेल घेऊन त्या केसांशी झुंजायची आणि हरायची. दोघींची भाषा म्हणजे थोडं मराठी, थोडं हिब्रू आणि बाकी आवाज.

एका संध्याकाळी आई तिला घेऊन खाली सोसायटीच्या बाकावर बसली होती. मी जिन्यातून उतरत होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या, नुकत्याच राहायला आलेल्या एक बाई थांबल्या. योदितकडे बघत राहिल्या. वाईट नव्हत्या, फक्त पेचात पडल्या होत्या. म्हणाल्या, "नात का? अगदी वेगळीच आहे हो. कुणावर गेलीय?"

मी पटकन पुढे झाले, काहीतरी समजावून सांगायला. आईला माझी गरज नव्हती. तिने मान वर केली, योदितला कुशीत ओढलं आणि म्हणाली, "माझ्यावर."

बाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो हो, हसू अगदी तुमचंच आहे," आणि शेजारी टेकल्या. आईने सरकून त्यांना जागा करून दिली.